टाटापर्यंतचा रस्ता आणि त्याच्या पुढचा

मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा देण्यात आली. तिला तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे झपाट्यानं वाढणारा रक्ताचा कॅन्सर होता. औषधांनी तो त्या वेळेपुरता दबला होता, पण असा दबलेला आजार बहुधा उलटतो, हाच तोवरचा अनुभव होता. भारतातलं हे पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण. ते घडवून आणणारे डॉ. सुरेश अडवाणी स्वतः चाकांच्या खुर्चीत बसून काम करत. आठव्या वर्षी झालेल्या पोलिओनं त्यांचे पाय गेले होते. ही हकीकत पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते आणि ती सांगण्याजोगीच आहे. पण हिवरखेडच्या वाचकांसाठी तयार झालेल्या या पुस्तिकेच्या आरंभी मला अडवाणींच्या आणखी एका कामापाशी थांबायचं आहे. त्याला बातमीचं तेज नव्हतं. या देशातली जास्त मुलं मात्र त्या कामानं वाचली, असं माझं ठाम मत आहे.

आधी मज्जेबद्दल. आपल्या मोठ्या हाडांच्या पोकळीत, विशेषतः कमरेच्या आणि छातीच्या हाडांत, लाल मऊ मगज असतो. रक्त तिथं तयार होतं. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, रक्त गोठवायला लागणारी प्लेटलेट आठ-दहा दिवस आणि जंतूंशी लढणारी पांढरी पेशी तर रक्तात दिवसभरही टिकत नाही. म्हणून मज्जेला उसंत नसते. दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी ती घडवते. ल्युकेमियात यातली एखादी अर्धवट वाढलेली पेशी बिघडते आणि आपल्यासारख्याच पेशी काढत सुटते. त्या मज्जा व्यापून टाकतात आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी कमी पडल्या की मूल पांढरंफटक पडतं. प्लेटलेट घसरल्या की हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, अंगावर लालनिळे ठिपके उठतात. कामाच्या पांढऱ्या पेशी नसल्यानं ताप हटत नाही. आतून मज्जा फुगल्यामुळे हाडं दुखतात आणि कालपर्यंत अंगणात धावणारं पोर चालायला नको म्हणतं. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच, आणि त्यातही तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा प्रकार. दोन ते पाच वर्षांच्या वयात तो सर्वाधिक दिसतो.

यातली कोणती खूण आपल्या गावात कॅन्सरची वाटते? कोणतीच नाही. ताप म्हणजे मलेरिया नाहीतर टायफॉइड, ठिपके म्हणजे अंगावर काही उठलं, फिकटपणा म्हणजे पोर जेवत नाही. सलाइन लागतं, दोन दिवस बरं वाटतं. याच टप्प्यावर एक चूक होते आणि ती फार महागात पडते: ताप उतरावा म्हणून स्टेरॉइड दिलं जातं. ल्युकेमियाच्या पेशी स्टेरॉइडनं काही काळ विरघळतात. ताप जातो, गाठी बसतात, घरचे निश्चिंत होतात. पुढे आजार परत उसळतो तेव्हा निदान अवघड झालेलं असतं आणि औषधाला सरावलेल्या पेशी मागे उरण्याचा धोका वाढलेला असतो. माझं आयुष्य रक्ताचे नमुने पाहण्यात गेलं आहे. ताप हटत नसलेल्या मुलाला रक्त तपासल्याविना स्टेरॉइड देऊ नये, हे वाक्य मी या पुस्तिकेच्या प्रत्येक पानावर छापायला तयार आहे.

अडवाणींचा जन्म १९४७ चा, कराचीचा. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं. ग्रँट मेडिकल कॉलेजनं त्यांना पायांच्या अधूपणामुळे आधी प्रवेश नाकारला होता. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि प्रवेश मिळवला. पुढे रक्ताच्या कॅन्सरकडे वळले ते अशा काळात, जेव्हा या आजाराच्या मुलांसाठी डॉक्टरांकडे धीर देण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. प्रत्यारोपण शिकायला ते अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे गेले.

थॉमस यांची चिकाटी समजून घेतल्याशिवाय हा उपचार समजत नाही. १९५७ मध्ये त्यांनी मज्जा शिरेतून देण्याचे पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले, आणि पुढची दहाएक वर्षं जगभर बहुतेक रुग्ण दगावलेच. परकी मज्जा रुजत नसे, किंवा रुजली तर तीच नव्या घरावर उलटे. अनेकांनी हा नाद सोडला. थॉमस प्रयोगशाळेत परत गेले. त्वचा आणि मज्जा कुणाची कुणाला चालते हे ठरवणाऱ्या एचएलए खुणांचा अभ्यास तोवर पुढे सरकला होता. १९७७ मध्ये त्यांनी शंभर रुग्णांचा अहवाल दिला. सगळे ल्युकेमियाचे, सगळे इतर उपचार संपलेले. त्यांतले तेरा आजारमुक्त होऊन जगत होते. शंभरात तेरा हा आकडा आज कुणाला केविलवाणा वाटेल. पण ते तेराही जण इतर कोणत्याही मार्गानं जगणार नव्हते. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. अडवाणींनी मुंबईत पहिलं प्रत्यारोपण केलं ते त्याच्या सात वर्षं आधी. वेल्लोरला डॉ. मॅमन चँडी यांनी १९८६ मध्ये थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलाला मज्जा दिली आणि देशात दुसरं केंद्र उभं राहिलं.

प्रत्यारोपण या शब्दानं आपल्याकडे चिरफाड डोळ्यांपुढे येते. तसं यात काही नाही. आधी काही दिवस जबर केमो, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं, आणि काही वेळा सर्वांगावर किरणं देऊन रुग्णाची आजारी मज्जा पूर्ण मोडून काढतात. मग दात्याची मज्जा पिशवीतून रक्तासारखीच शिरेत सोडतात. आतल्या मूळपेशी, म्हणजे सगळ्या रक्तपेशी ज्यांतून घडतात त्या, रक्तातून फिरत आपोआप हाडांत जाऊन बसतात. दोन-तीन आठवड्यांनी नव्या पांढऱ्या पेशी रक्तात दिसू लागतात. मधले दिवस सर्वांत कठीण. त्या दिवसांत मुलाला कसलंच संरक्षण नसतं आणि साधा जंतूही जीव घेऊ शकतो. म्हणून वेगळी खोली, गाळलेली हवा, शिजवलेलंच अन्न, आईच्याही तोंडाला मास्क. त्यानंतरही नवी मज्जा मुलाच्या त्वचेला, यकृताला, आतड्यांना परकं समजून त्यांच्यावर चालून जाऊ शकते. तिला आवरण्यासाठी महिनोन्‌महिने औषधं घ्यावी लागतात.

जुळणीचा हिशेब सरळ आहे. एचएलएच्या खुणांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. त्यामुळे सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. दोन भावंडं असली तरी कुणीतरी जुळण्याची शक्यता शेकडा ४४ च्या आसपास. घरात आता एक-दोनच मुलं असतात, तेव्हा बहुतेक आजारी मुलांना पूर्ण जुळणारं भावंड नसतंच. मग दात्यांच्या नोंदणीत शोध घ्यायचा. भारतात ‘दात्री’ ही नोंदणी २००९ मध्ये चेन्नईला सुरू झाली, पण एवढ्या लोकसंख्येच्या मानानं नोंदलेले दाते अजून थोडेच आहेत. गेल्या काही वर्षांत आई किंवा वडिलांची अर्धी जुळणारी मज्जाही वापरता येऊ लागली आहे; मज्जा दिल्यानंतर दोन-चार दिवसांत सायक्लोफॉस्फमाइड हे जुनंच औषध देऊन तिचा उलटा हल्ला रोखतात. ज्यांना दाता नव्हता त्यांच्यासाठी हे दार अलीकडेच उघडलं.

दात्याविषयीची भीती इथं बोलून टाकलेली बरी. मज्जा देणाऱ्याचं हाड कापत नाहीत. भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईनं ती ओढतात, किंवा आता बहुतेक वेळा इंजेक्शनं देऊन मूळपेशी रक्तात उतरवतात आणि हाताच्या शिरेतून यंत्रानं वेगळ्या काढतात. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. ‘पोरगी देणार असंन तं तिचं पुढं लग्न कसं जमन’ हा प्रश्न आपल्याकडच्या आयाबाया विचारतात. त्यांना शांतपणे सांगावं की तिच्या तब्येतीला, बाळंतपणाला यानं काही होत नाही.

मुलींचा विषय निघाला आहे तर तो अर्धवट सोडवत नाही. आपल्या देशातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या नोंदींत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा बरीच जास्त आढळते. आजाराच्या स्वभावामुळे थोडा फरक पडतो, पण एवढा नाही. उरलेला फरक घराच्या उंबऱ्यावर पडतो: मुलगा असेल तर शेत गहाण, मुलगी असेल तर ‘देवाची मर्जी’. भारतात ज्या लेकराला पहिल्यांदा मज्जा दिली गेली ती एक मुलगी होती, हे मला म्हणूनच ठळकपणे लिहावंसं वाटतं.

आता त्या दुसऱ्या कामाकडे. प्रत्यारोपण लागतं थोड्या मुलांना. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची बहुतांश मुलं नुसत्या औषधांनी बरी होऊ शकतात. श्रीमंत देशांत ऐंशी टक्क्यांहून अधिक होतात. प्रश्न एवढाच की कोणती औषधं, कोणत्या क्रमानं, किती दिवस. अमेरिकेत आणि जर्मनीत बसवलेले क्रम इथं जसेच्या तसे लावले तर मुलं आजारानं नव्हे, उपचारानं दगावत. कारण ती कुपोषित असत, उशिरा येत, आणि जंतुसंसर्ग झाला तर तो रोखणारी व्यवस्था अपुरी होती. १९८४ च्या सुमारास अडवाणींनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतले डॉ. इयान मॅग्रथ यांच्या साथीनं एक क्रम आखला. डॉक्टरमंडळी त्याला ‘एमसीपी ८४१’ म्हणतात. टाटा, दिल्लीचं एम्स आणि मद्रासची कॅन्सर इन्स्टिट्यूट या तीन ठिकाणी तो वर्षानुवर्षं एकसारखा वापरला गेला. औषधं आवाक्यातली होती, क्रम आपल्या वॉर्डांना पेलणारा होता, आणि तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकाच पद्धतीच्या असल्यानं काय चुकतंय ते कळत होतं. चौदा वर्षांच्या अनुभवाचा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. क्रम तोच राहिला, तरी निकाल वर्षागणिक सुधारत गेले, कारण परिचारिका, रक्तपेढी, जंतुनाशकं, डॉक्टरांचा हात हे सगळं सुधारत गेलं. ज्या आजारात पूर्वी फार थोडी मुलं वाचत, त्यात निम्म्याच्या आसपास वाचू लागली.

या क्रमात असलेल्या मेथोट्रेक्सेट या औषधाची जन्मकथा मुंबईत परळच्या आसपासच सुरू होते, आणि ती मराठी वाचकाला सहसा सांगितली जात नाही. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणीकामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या एका घातक पंडुरोगाचा शोध ती परळच्या हाफकिन संस्थेत घेत होती. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो, हे तिनं दाखवून दिलं. त्या अर्कातला उपयोगी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांच्या ध्यानात आलं की हेच आम्ल ल्युकेमियाच्या मुलांना दिलं तर आजार भडकतो. मग त्याचा मार्ग अडवणारं द्रव्य दिलं तर? ते द्रव्य आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आलं. १९४८ मध्ये फार्बर यांनी सोळा मुलांचा अहवाल दिला. दहा जणांचा आजार काही काळ मागे हटला होता. मुलांचा तीव्र ल्युकेमिया औषधानं मागे हटतो हे जगानं प्रथमच पाहिलं. मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातलं. आजही ते मुलांच्या पाठीच्या कण्यातून देतात, आठवड्याला गोळी म्हणून देतात, आणि प्रत्यारोपणात परक्या मज्जेला आवरायलाही वापरतात. ज्या गिरणगावात कामगार बायकांच्या रक्तावर तो शोध लागला, त्याच परळमध्ये टाटा हॉस्पिटल उभं आहे.

या परंपरेत मराठी माणसं थोडी नाहीत. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी टाटामधली विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा उभारली आणि १९५२ मध्ये भारतीय कॅन्सर संशोधन केंद्राचा पाया घातला. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्याच केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा चालवली आणि ल्युकेमियाच्या कारणांचा माग काढला. टाटाच्या बालकॅन्सर विभागातल्या डॉ. श्रीपाद बनावली आणि डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्याविषयी पुढे लिहायचंच आहे. खानोलकरांच्या केंद्राचा वारसा आज खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेत आहे, आणि टाटाचं प्रत्यारोपणाचं कामही आता तिथंच चालतं. ४ जून २०२१ रोजी तिथल्या प्रत्यारोपण विभागात देशातला पहिला कार-टी उपचार झाला. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, कॅन्सर ओळखायला शिकवून त्या परत सोडायच्या, असा हा उपचार. आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार यांच्या गटानं घडवलेल्या या पेशींना ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. परदेशात कोट्यवधींना पडणारा उपचार इथं त्याच्या लहानशा अंशात होतो. तरी तो अजून मोजक्यांच्याच आवाक्यात आहे.

हिवरखेडपासून हे सगळं किती दूर? तेल्हारा किंवा अकोट, तिथून अकोला, आणि अकोल्याहून रात्रीची गाडी धरून जवळपास सहाशे किलोमीटरवर मुंबई. नागपूर त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे आणि तिथं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. पण आपल्याकडच्या बोलण्यात कॅन्सर म्हटलं की ‘टाटात न्या’ हेच येतं. गाडीभाड्यानं कुणी मोडत नाही. मोडतं ते राहण्यानं. ल्युकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षांचा, त्यातले पहिले सहा-आठ महिने रुग्णालयाच्या हाकेच्या अंतरावर राहावं लागतं. सोयाबीन काढायला कोण, तुरीवर फवारायला कोण, घरी राहिलेल्या दुसऱ्या लेकराच्या शाळेचं काय? पहिल्या महिन्यात आजार दिसेनासा होतो, मूल खेळायला लागतं, आणि मग बाप म्हणतो, ‘आता बरं हाय, चाला घरी.’ अर्धवट सोडलेला उपचार हे आपल्या देशात मुलं दगावण्याचं मोठं कारण आहे. औषध उपलब्ध असतानाचा हा मृत्यू मला सर्वांत असह्य वाटतो.

हे ओळखून बनावली, कुरकुरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटात औषधाइतकंच लक्ष राहण्या-खाण्याकडे दिलं: पैशाची सोय, मुलांचा आहार, समाजसेवकांची फळी, न आलेल्या मुलाच्या घरी फोन. उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण त्यानं पुष्कळ खाली आलं. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची केंद्रं कॅन्सरच्या मुलांना आईबापांसह मोफत ठेवून घेतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, जिथं टाटाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक थांबतात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला मामाच्या घरी गुरं राखलेल्या त्या माणसानं देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. रोगी माणसाला शहरात पाठ टेकायला जागा नसते, हे त्यांनी केमोथेरपी या शब्दाचा आपल्याकडे गंधही नव्हता तेव्हा ओळखलं होतं. वऱ्हाडातल्या वाचकानं अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या इतिहासात हे नाव आपल्या हातानं लिहून घ्यावं, असं मला वाटतं.

हिवरखेडच्या उत्तरेला सातपुडा सुरू होतो आणि डोंगरात मेळघाटातल्या कोरकू वस्त्या. तिथं सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे. विदर्भात हा आजार असल्याचं नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मधून जगाला कळवलं होतं. सिकलसेल कॅन्सर नव्हे, पण त्याचं मूळही मज्जेतच असतं, आणि जुळणारं भावंड असेल तर मज्जा प्रत्यारोपणानं तो मुळासकट बरा होऊ शकतो. थॅलेसेमियाचंही तसंच. म्हणून पुस्तिकेत या दोन आजारांना स्वतंत्र जागा दिली आहे.

राहता राहिली ती बरी झालेली मुलं. डॉ. कुरकुरे यांनी १९९१ मध्ये टाटात उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक सुरू केलं, तेव्हा अनेकांना ते अनाठायी वाटलं असेल. बरं झालेल्याला दवाखाना कशाला? पण केमोचा हिशेब वर्षांनी निघतो. डॉनोरुबिसिनसारखं औषध हृदयाच्या स्नायूवर खूण सोडतं, डोक्याला दिलेली किरणं वाढीवर आणि अभ्यासावर परिणाम करू शकतात, प्रत्यारोपणाच्या तयारीतली औषधं पुढे मूल होण्याच्या आड येऊ शकतात. यातलं पुष्कळसं वेळीच कळलं तर सांभाळता येतं, आणि त्यासाठी वर्षातून एकदा तपासणी लागते. आपल्या गावांत नेमकं उलट घडतं. पोरगी बरी झाली की घरचे फाइल जाळून टाकतात, सोयरिकीच्या वेळी कुणाच्या हाती लागू नये म्हणून. दहा-पंधरा वर्षांनी तीच मुलगी बाळंतपणात धाप लागून अकोल्याला येते, आणि तिला लहानपणी कोणतं औषध किती दिलं होतं हे सांगणारं कुणी नसतं. ती फाइल जपा. तिच्या शेवटच्या पानावर औषधांच्या एकूण मात्रा लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा, त्याची एक प्रत मुलाच्या शाळेच्या दाखल्यासोबत ठेवा, आणि ते अठरा वर्षांचं झालं की त्याच्या हाती द्या.

हिवरखेड, ता. तेल्हारा, जि. अकोला